मोकाशी बाईंचे पाय

मोकाशी बाई शाळेत कुणालाही नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "तू कोण गं?" मी माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, बी.एड. कुठून केलं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते असू दे. शिकवतेस काय?"

"गणित."

"बरं. गणित, चहा घेतेस?"

तेव्हापासून मी गणित. सोमण सर विज्ञान, शिवणकाम शिकवणाऱ्या पाटकर बाई कार्यानुभव. मुख्याध्यापिका इंग्रजी शिकवायच्या. त्यांना सगळ्या शाळेसमोर "इंग्रजी, जरा घंटा द्यायला सांगा" असं म्हणायची छाती एकट्या मोकाशी बाईंची होती. त्या स्वतः अर्थातच भूगोल. कुणी त्यांना फोनवर "कोण बोलतंय?" विचारलं तर त्या "भूगोल" म्हणत आणि पलीकडचा माणूस बिचारा राँग नंबर म्हणून ठेवून देई.

आमची शाळा नारपोलीत. एका बाजूला रस्ता आणि तीन बाजूंना कापड विणणारे लूम. खिडक्या उघडल्या की खटखट आत, आणि बंद केल्या तर भिवंडीच्या उकाड्यात पोरं शिजायची. त्यामुळे आम्हा सगळ्यांचेच आवाज चढलेले. बाईंचा आवाज तर लूमच्याही वरचा. आणि मध्येच वीज गेली की गंमत व्हायची. सगळ्या लूम एका क्षणात थांबत, गल्ली चिडीचूप होई, आणि त्या शांततेत बाईंचा आवाज चौकापर्यंत जाई: "आणि म्हणून ते वारे नैर्ऋत्येकडून येतात!" शाळेला लागून असलेल्या कारखान्याचा मालक इरफान बाईंचाच जुना विद्यार्थी. तो म्हणायचा, "बाई, शाळेत असताना मान्सून कळला न्हाय. आता वीज गेली की कळतो."

बाई वर्गात कधी बसल्या नाहीत. खुर्ची होती, पण तिच्यावर पृथ्वीचा गोल ठेवलेला असे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी "बसा ना बाई" म्हटलं, तर म्हणाल्या, "पृथ्वी बसली आहे तिथे. तिला उठवू का?" साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बत्तीस वर्षं, रोज सहा तास, बाई उभ्या. स्टाफरूममध्येसुद्धा कपाटाला टेकून चहा. मला वाटायचं, ही हौस आहे. मी स्वतः दोन तास उभी राहिले की तिसऱ्या तासाला मुलांना उदाहरणं सोडवायला देऊन बसून घेते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

बाईंना कशाचीच भीती नाही असा सगळ्या शाळेचा समज होता. तो समज लसीकरणाच्या दिवशी तपासून बघावा असं कुणाला सुचलं नाही. त्या दिवशी रांग लावायचं काम बाईंकडे. "सुई म्हणजे काय? मुंगी! मुंगी चावली तर आपण भोकाड पसरतो का?" असं म्हणत त्या एकेका पोराचा हात धरून उभ्या राहत आणि त्याला सांगत, "तिकडे बघ, खिडकीबाहेर कावळा बसलाय." पोरगं सुईकडेच बघायचं. कावळ्याकडे बाई बघायच्या. एका वर्षी नर्सताई सहज म्हणाल्या, "बाई, शिक्षकांसाठी पण आहे हं." पाच मिनिटांत बाई गायब. शेवटी मला त्या नकाशांच्या खोलीत सापडल्या. आतून कडी लावलेली.

"काय करताय बाई?"

"नकाशे झटकतेय."

खोलीतून झटकल्याचा एकही आवाज येत नव्हता.

आता पायांकडे येते. बाईंची साडी कायम टाचेपर्यंत. पावसाळ्यात आम्ही सगळ्या निऱ्या वर धरून चिखलातून यायचो, तेव्हा बाईंची साडी वीतभर भिजलेली. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एकदा सहावीच्या वर्गात बाई महाराष्ट्राचा नकाशा खिळ्याला अडकवायला टाचा उंचावून उभ्या राहिल्या, साडी वर सरकली, आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी निरागसपणे म्हणाली, "बाई, तुमच्या पायावर नद्या आहेत."

मी शेजारच्या वर्गात होते. मधली भिंत पातळ आहे. मग बाईंचा आवाज आला, "कुठे? हो की! बघा तर. हा मुख्य प्रवाह. याला इकडून मिळाली ती उपनदी. इकडून दुसरी. आता या सगळ्या प्रदेशाला मिळून काय म्हणतात?"

"खोरं!" वर्ग ओरडला.

त्या वर्षी सहामाहीत खोऱ्याचा प्रश्न एकाही मुलाचा चुकला नाही. पण त्या तासानंतर बाई स्टाफरूममध्ये आल्या, लागोपाठ दोन ग्लास पाणी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी नकाशाचा खिळा भिंतीवर वीतभर खाली आला होता.

बाईंच्या निवृत्तीचं वर्ष लागलं तसं एके दिवशी मुख्याध्यापिकांनी सहलीचं जाहीर केलं. आमची सहल म्हणजे अकलोली, वज्रेश्वरीजवळची गरम पाण्याची कुंडं. दरवर्षी तीच. वाड्याच्या रस्त्याला लागायचं, अंबाडीला चहा प्यायचा, कुंडावर पोचायचं, मुलांनी पाण्यात हात बुडवून "बापरे" म्हणायचं, आणि आम्ही बायकांनी पायऱ्यांवर बसून गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडायचे. वर्षभर उभं राहून ठणकणारे पाय त्या एका दुपारी सुटतात. बाई मात्र सगळ्यात वरच्या, कोरड्या पायरीवर साडी लपेटून बसत आणि पाणी गरम का येतं ते सांगत.

त्या दिवशी जाहीर झाल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गणित, मला पायाच्या नसांचं इंजेक्शन घ्यायचंय. माझ्याबरोबर येशील का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नकाशांच्या खोलीला आतून कडी लावणारी ही बाई!

"दुखतात का खूप?"

"दुखत नाहीत. दिसतात." मग त्यांनी सांगितलं. धाकटी मुलगी वर्षाची असताना घरची सगळी मंडळी त्याच कुंडावर गेली होती. बाईंनी पाय पाण्यात सोडले, तेव्हा नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, पाय झाका हो, पोरं घाबरतील." सगळे हसले. "मी पण हसले," बाई म्हणाल्या. "हसले आणि झाकले. सव्वीस वर्षं झाली. आता ही शेवटची सहल. मला त्या पाण्यात पाय घालायचेत गं, सगळ्यांच्यात बसून."

मला फार वाईट वाटलं. दरवर्षी मी त्यांच्या दोन पायऱ्या खाली मजेत पाय हलवत बसलेली असायची आणि वर बघून म्हणायची, "या ना बाई, काय लाजताय!"

स्टाफरूममध्ये बातमी फुटली आणि हसाहस झाली. सोमण सरांनी, या वयात हे काय नवीन, असं चेहऱ्यानंच विचारलं. घरी मोकाशी काकांनी तोंडानं विचारलं. काका स्वभावानं गरीब माणूस, पण नको तिथे नको ते बोलायची त्यांना सवय. "तुझे पाय बघणार कोण आहे आता?"

"मी बघते," बाई म्हणाल्या. "रोज बघते."

बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांनाच आश्चर्य वाटत होतं की काका गप्प कसे बसले.

कल्याण रोडवरच्या एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा ठाण्याहून एक डॉक्टरीण यायची. तरुण, चटपटीत. तिनं आधी सोनोग्राफी करून आतल्या मोठ्या नसा ठीक असल्याचं पाहिलं आणि म्हणाली, "काकू, घाबरण्यासारखं काही नाही. याला स्पायडर व्हेन्स म्हणतात. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं ना, म्हणून."

"काकू नाही, भूगोल," बाई म्हणाल्या. "आणि कोळी कुठला? हे खोरं आहे."

डॉक्टरीण हसली. बारीक सुईनं नसेत औषध सोडायचं, नसेच्या भिंती आतून चिकटतात, हळूहळू नस विरून जाते, असं तिनं समजावलं. "पण नुसते हे बारीक फाटे टोचून उपयोग नाही. त्यांना रक्त पुरवणारी ही मागची नस आधी बंद करायची."

"म्हणजे उगमाकडून!" बाईंचा चेहरा उजळला. "हुशार आहेस. दहावीला भूगोलात किती होते?" त्यांनी तिला आत्ताच्या आत्ता वर्गात घेतलं असतं. मग त्यांनी विचारलं, "किती ठिकाणी टोचशील?"

"वीसेक."

बाई उठल्या, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "गणित, चल."

जिन्यात मी त्यांना गाठलं. कठडा घट्ट धरून उभ्या होत्या. "वीस म्हणाली ना ती?"

"हो."

"एकच पाय केला तर दहा?"

"बाई, कुंडात एकच पाय घालणार आहात का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता मला अभ्यासक्रमातूनच वगळणार. पण त्या वळल्या आणि जिना चढू लागल्या. पुढच्या आठवड्याची वेळ ठरली. डॉक्टरीण नंतर बरंच काही सांगत होती, काय करायचं, काय नाही, किती दिवस. बाई "हो हो" म्हणत होत्या. त्यांच्या डोक्यात सुई होती. माझ्याही डोक्यात सुईच होती, हे मी इथेच कबूल करते.

एक गोष्ट मात्र दोघींनी ऐकली: इंजेक्शननंतर पायाला घट्ट धरणारे खास मोजे घालायचे, ते दुकानातून आधीच आणून ठेवा.

"दुकानातून?" रस्त्यावर येताच बाई म्हणाल्या. "भिवंडीत राहून कापड बाहेरून विकत आणायचं?" आणि त्या तडक इरफानच्या कारखान्यात शिरल्या.

इरफाननं छातीवर हात ठेवला. "बाई, टेन्शन नका घेऊ. कापडच हाय ना? भिवंडीत न्हाय बनणार तर कुठं बनणार? फक्त माप द्या." आता बाईंच्या पायाचं माप तो कसा घेणार! बाईंनी आलेखाच्या कागदावर स्वतःच्या दोन्ही पायांची आकृती काढली. घोटा, पिंढरी, गुडघा, प्रत्येक ठिकाणचा घेर लिहिला, कोपऱ्यात प्रमाण दिलं, आणि सवयीनं उत्तर दिशाही दाखवली.

चार दिवसांत मोजे आले. इरफाननं स्वतः उभं राहून जाडजूड कापड विणून घेतलं होतं आणि शिंप्याकडून दुहेरी शिलाई मारून आणली होती. मोजे टेबलावर ठेवले तर आपोआप उभे राहिले. मधल्या सुट्टीत बाईंनी स्टाफरूमचं दार लावून उजवा पाय आत घातला. टाचेशी अडला. मी खालून ओढलं, पाटकर बाईंनी वरून, आणि एका झटक्यात पाय आत गेला. मग कुठे जाईना. वर येईना, खाली उतरेना. टाच वाकेना. घंटा झाली. बाहेर आठवीची पोरं दार वाजवू लागली. बाई एका पायावर, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभ्या, आणि पाटकर बाई शिवणकामाची मोठी कात्री घेऊन जमिनीवर बसलेल्या. कापड कापायला पाऊण तास लागला.

इरफानला बोलावलं तेव्हा तो कापलेला मोजा हातात धरून फिरवून फिरवून बघत होता. "कापड मजबूत हाय पन," म्हणाला.

"मजबूत आहे रे," पाटकर बाई म्हणाल्या, "पण ताणत कुठे? मोजा सुईवर गुंफतात, लूमवर विणत नाहीत."

इरफाननं कपाळावर हात मारला. "हां, ती होजिअरी! ती आपली लाईनच न्हाय." तीन पिढ्या कापडात घालवलेला तो माणूस, बत्तीस वर्षं लूमच्या आवाजात शिकवणाऱ्या बाई, आणि रोज त्याच गल्लीतून ये-जा करणारे आम्ही सगळे, मोजा ताणला पाहिजे हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी इरफान स्वतः ठाण्याला जाऊन दुकानातले मोजे घेऊन आला आणि बाईंच्या हातात देताना खाली मान घालून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "नापास नाही केलं तुला. बस."

इंजेक्शनच्या दिवशी बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगडीचा वळ दोन दिवस मनगटावर होता. खिडकीबाहेर समोरच्या गाळ्यात एक माणूस टेम्पोतून सुताची पोती उतरवत होता. बाई मला सांगू लागल्या, "तिकडे बघ, गणित, ते पोतं बघ." जणू काही टोचणार मलाच होते. पहिली सुई गेली. बाई म्हणाल्या, "ही मुंगी नाही."

"झालंच काकू."

"बत्तीस वर्षं मी पोरांना खोटं सांगत आले!"

दुसऱ्या सुईपासून त्यांनी भारताच्या नद्या सुरू केल्या, उत्तरेकडून दक्षिणेकडे, एका सुईला एक. नर्मदेला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कावेरीपर्यंत पोचल्या तरी सुया शिल्लक होत्या, तेव्हा त्या तशाच परदेशात गेल्या. नाईलला डॉक्टरीण म्हणाली, "संपलं." बाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "अ‍ॅमेझॉन राहिली ना?"

मग मोजे चढवले आणि अर्धा तास चालायला सांगितलं. दवाखान्याच्या बोळात पाच पावलांत भिंत येई, म्हणून बाई थेट कल्याण रोडला लागल्या. एका बाजूला गोदामांकडे निघालेले ट्रक, दुसऱ्या बाजूला गटाराचं खोदकाम, आणि मधून बाई लढाई जिंकून आल्यासारख्या चाललेल्या. मी मागून धापा टाकत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्यांनी सहावीची माफी मागितली. "मुलांनो, सुई मुंगीसारखी नसते. गांधीलमाशीसारखी असते. पण लवकर संपते, हे मात्र खरं आहे." माफी मागणारे शिक्षक मी फार पाहिलेले नाहीत. मी स्वतः अजून मागितलेली नाही.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, बाईंचा फोन आला. "ताबडतोब ये."

दार काकांनी उघडलं. बाई पलंगावर बसल्या होत्या. मोजे नुकतेच काढलेले. मी पायांकडे पाहिलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जांभळे, हिरवट, तपकिरी डाग.

"आधी नद्या होत्या," बाई म्हणाल्या. "आता पूर आलाय."

डॉक्टरणीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "काकू, मी सांगितलं होतं ना तुम्हाला? सुरुवातीला जास्तच वाईट दिसतं. डाग जातील, पण दीड-दोन महिने तरी लागतील. आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही हं इतक्यात."

"गरम म्हणजे किती गरम?" बाईंनी विचारलं.

"का हो?"

बाईंनी फोन ठेवून दिला. सहल गुरुवारी होती. ताप जसा इंजेक्शननं दुसऱ्या दिवशी उतरतो तसेच पायही दुसऱ्या दिवशी स्वच्छ होणार, असा त्यांनी हिशेब धरला होता, आणि हिशेब ज्या विषयात येतो तो विषय शिकवणारी मी शेजारी बसून मान डोलावत होते. काका म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ आपण. मी नेतो." ते मनापासून म्हणाले, पण बाईंनी डोकं हलवलं. "पुढच्या वर्षी शाळा नसेल हो." मग काकांनी चहा केला.

गुरुवारी बाई सहलीला आल्या, टाचेपर्यंत साडी नेसून. अंबाडीला चहा घेतला. कुंडावर पोचलो. मुलांनी हात बुडवून "बापरे" म्हटलं. आम्ही पाय सोडून बसलो. मला त्या पाण्याचा काही आनंद होईना. बाई नेहमीच्या वरच्या पायरीवर बसल्या आणि सांगू लागल्या, "जमिनीत खोल गेलेलं पाणी तिथल्या उष्णतेनं तापतं आणि खडकांतल्या भेगांमधून..."

आणि थांबल्या. बाईंनी वाक्य अर्धवट सोडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या उठल्या. चपला काढल्या. पदर कमरेला खोचला, निऱ्या उचलून गुडघ्याच्या वर खोचल्या आणि कुंडाला वळसा घालून पलीकडे उतरू लागल्या, जिथे तानसा नदी वाहते. थंडीचे दिवस, पाणी गार आणि उथळ, दगड स्वच्छ दिसत होते. दीडशे मुलं, बारा शिक्षक, सगळे बघत होते. भर उन्हात ते डाग लपण्यासारखे नव्हतेच.

"मोकाशी बाई!" मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. "अहो, पायांना काय झालं हे?"

बाईंनी मान वळवली. "उपचार!" त्या ओरडल्या, आणि मग त्यांनाच इतकं हसू आलं की एका दगडाला धरून त्या पाण्यात वाकल्या. सोमण सर हसू लागले, पाटकर बाई हसू लागल्या, पोरंही हसली. बाईंनी पाय मात्र झाकले नाहीत. त्या सरळ झाल्या, आणि तशाच नदीच्या मध्यापर्यंत गेल्या आणि पाण्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे चालू लागल्या.

जेवणं झाली, त्या आल्या नाहीत. निघायची शिट्टी झाली, मुलं बसमध्ये चढली, तरी त्या नदीतच. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "जा गं, हाक मार त्यांना."

मी काठापर्यंत गेले. बाई पाठमोऱ्या होत्या, पाणी पिंढऱ्यांच्या वर, दोन्ही हात कमरेवर. मी हाक मारली नाही. बस अर्धा तास उशिरा सुटली.